फोटोतले अर्धे फुवा

कौतिकनाना आमच्या दुकानात लेन्स घ्यायला कधीच आले नाहीत. ते 'फक्त पाहाले' येत. फक्त पाहायला येणारं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराच्या डोक्याला ताप, पण नानांचं पाहणं वेगळं आहे, हे वडिलांनी मला गल्ल्यावर बसवलं त्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. "हा माणूस तीनदा येईल. पहिल्यांदा बघेल, दुसऱ्यांदा हातात घेईल, तिसऱ्यांदा घरी नेईल. मधे तू बोलू नकोस." वडिलांचं नाव लखीचंद. माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नवी पेठेत दुसरा कुणी नव्हता. मला तेवढं कधी जमलं नाही, आणि जिथे थोडंफार जमलं तिथे मी गप्प बसलो. तेच आज सांगायचं आहे.

जळगावात आमचं 'सुगन फोटो गुड्स' आहे. सुगनबाई माझी आजी. कॅमेरे, लेन्सा, फ्लॅश, ट्रायपॉड, बॅगा, जे म्हणाल ते. नाना फैजपूरच्या पुढच्या एका खेड्यातले, लेवा पाटलांपैकी. घरची थोडी केळी, आणि बाकी वर्षभर लग्नं, साखरपुडे, बारशी. यावल-रावेर पट्ट्यात 'कौतिकभाऊले सांगा' म्हटलं की फोटोचा प्रश्न मिटला, असा काळ मी पाहिला आहे. त्यांना फोटो काढताना 'हसा' म्हणताना मी कधी ऐकलं नाही. नुसतं उभं राहायचं, कॅमेरा गळ्यात, आणि माणसं त्यांना विसरली की मग काम सुरू. मुलीला निरोप देताना बाप रडतो तो फोटो सगळेच काढतात. रडून झाल्यावर नळावर तोंड धुणारा बाप नानांनी काढलेला होता. तो फोटो आमच्या दुकानात अजून लावलेला आहे.

पण लेन्सचं वेड! त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. नवी लेन्स हातात आली की आधी कॅमेऱ्याला लावायची नाही. आधी कानाजवळ धरायची, फोकसची रिंग हळू फिरवायची आणि आवाज ऐकायचा. मग मागचं टोपण काढून वास घ्यायचा. एकदा एका बाईने, ती बिचारी पासपोर्ट फोटोसाठी आली होती, मला हळूच विचारलं, "यांना बरं नाही का?" मी म्हटलं, "नाही, ताई. यांना फार बरं वाटतंय."

पन्नास एमएमची लेन्स होती तरी पंच्याऐंशीची हवी. पंच्याऐंशी आली की सत्तर-दोनशे. ती आली की तिचीच नवी आवृत्ती, कारण जुनी 'जरा आळशी' आहे. मोबाइलवर दिवसभर लेन्सचे व्हिडिओ बघायचे, आणि बस धरून तडक दुकानात. "अनुजभाऊ, फक्त पाहाले आलो." मी काचेचं कपाट उघडायचो. शिकारी मी होतो आणि हरणाचे कान मला ओळखता येत होते, एवढं कबूल करायला आता लाज कसली.

नानांची एकच अडचण होती, इंदिराबाई. त्यांची बायको. नवी लेन्स घरी नेताना नाना तिला जुन्या मळक्या पाउचमध्ये घालत आणि 'सर्व्हिसिंगले देली व्हती, ती आनली' म्हणून सांगत. रिकामा बॉक्स मात्र घरी नेता येईना, म्हणून तो आमच्या माळ्यावर. होता होता माझ्या माळ्यावर नानांचे अकरा बॉक्स झाले. आत थर्माकोल, वॉरंटीचे कागद, सगळं जसंच्या तसं. वडील म्हणायचे, "लेन्स त्याची, संसार आपला."

आणि वर्षभर चाललेलं हे नाटक एका दिवशी मात्र न चुकता उघडं पडायचं. खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली कामाची सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. विळा, कोयता, मोटारीचे पाने, आणि नानांच्या घरी कॅमेरे-लेन्सा. एखादी लेन्स लपवून ठेवावी, तर तिची पूजा चुकते. ते नानांच्याने होईना. बायकोशी खोटं बोलतील, पण पूजेला खोटं करणार नाहीत. म्हणून ते खाली मान घालून सगळ्या मांडायचे, आणि इंदिराबाई ताट हातात धरून मोजायच्या आणि म्हणायच्या, "औंदाबी पाव्हनी आली वाटते." एवढंच. मग नव्या लेन्सच्या टोपणावर इतरांपेक्षा जरा मोठं कुंकू लावायच्या. नानांनीच मला हे सांगितलं होतं, हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

गंमत होती ती. आम्हा सगळ्यांना गंमत वाटायची, आणि इथेच घात झाला. नानांच्या तोंडून लेन्सबद्दल काहीही निघालं तरी त्याचा अर्थ आम्ही एकच लावायचो, की माणसाला नवीन लेन्स हवी आहे.

चारेक वर्षांपूर्वी त्यांची तक्रार सुरू झाली. "ही लेन्स कमी घेते, अनुजभाऊ. मांडव बसत नही तिच्यात." मी चोवीसची दिली. आमच्या धंद्यात आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त रुंद बघते. चोवीसमध्ये मांडव बसायला हवा, आचाऱ्याच्या चुलीसकट. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. "कडंचं घेत नही." मी सोळाची दिली. त्या दिवशी नाना दुकानाच्या पायरीवर अडखळले. पुढच्या वेळी काउंटरवरचा चहाचा कप त्यांच्या कोपराने उडाला आणि माझ्या पावतीबुकावर सांडला. "चष्म्याचा नंबर वाढला वाटते," ते म्हणाले. दुकानात चारपाच फोटोग्राफर बसलेले होते. मी म्हटलं, "नाना, आता वाइड लेन्स कॅमेऱ्याला नको, डोळ्यालाच बसवून टाकू."

सगळे हसले. नानाही हसले. ते वाक्य मी बोललो होतो, माझ्या या तोंडाने.

मग ते फुवांचं प्रकरण झालं. रावेरकडचं एक मोठं लग्न होतं. आपल्याकडे लग्नात ग्रुप फोटो म्हणजे मानपानाची परीक्षा; कोण कुणाच्या शेजारी, कोण खुर्चीवर आणि कोण मागे, यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. नानांना ते सगळं पाठ असायचं. आणि त्याच नानांनी नवरदेवाच्या फुवांना, म्हणजे सख्ख्या आत्याच्या नवऱ्याला, अर्धं कापलं. एक खांदा, एक कान आणि फेट्याचा तुरा. बाकीचे फुवा फोटोच्या बाहेर. अल्बम बघून फुवा रुसले, आत्या रडली, आणि नवरदेवाच्या बापाने नानांना गावासमोर नको नको ते ऐकवलं. तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नाना पेनड्राइव्ह घेऊन दुकानात. तोंड पार उतरलेलं. "सोळाची बी कामाची नही. तुम्हीच पाहा. मी कॅमेऱ्यातून पाह्यलं तवा फुवा तिथी नव्हतेच. नवरदेवाचा काका शेवटचा व्हता, त्याच्या पुढं मोकयं. आन् फोटोत पाहा!"

मी फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. सुंदर फोटो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धारदार, फुवांच्या कानावरचे पांढरे केससुद्धा मोजावेत. लेन्समध्ये तसूभरही खोट नव्हती.

आता जरा नीट ऐका, कारण सगळं इथे आहे. कॅमेऱ्याच्या खिडकीतून जे दिसतं तेच फोटोत येतं. कडेचा दोराएवढा भाग कधी खिडकीत दिसत नाही, हे खरं, पण त्या दोरात अख्खा खांदा लपत नाही. अर्धे फुवा फोटोत आहेत, म्हणजे अर्धे फुवा खिडकीतही होते. लेन्सने त्यांना पाहिलं होतं. नानांनी पाहिलं नव्हतं.

वीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला हे कळायला किती वेळ लागतो? मला चहाचा एक घोट घेण्याइतका लागला. तो घोट मला आठवतो. पायरी आठवली, कप आठवला, आणि मनात आलंही की यांना डोळे दाखवायला सांगावं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण लगेच दुसरं मनात आलं, की खंडेनवमी जवळ आलीय, इंदिराबाईंना सांगायला यांना काहीतरी निमित्त हवंय, आणि हे फुवा म्हणजे निमित्त आहे. नाना आणि नवी लेन्स, यात नवीन काय? कपाटात चौदाची लेन्स तीन महिने पडून होती. जळगावात तिला गिऱ्हाईक नव्हतं.

"चौदाची घेऊन बघा," मी म्हटलं. "ती सगळं घेते."

नानांनी ती पहिल्यांदाच, एकाच फेरीत, न हाताळता घेतली. कानाला लावली नाही, वास घेतला नाही. जणू औषध घ्यावं तशी पिशवीत टाकली आणि गेले. तेव्हा तरी मला काही वाटायला हवं होतं. मी बॉक्स माळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

पुढे दोनेक वर्षं नाना फिरकले नाहीत. मला वाटलं, मोबाइलच्या जमान्यात लग्नं कमी झाली असतील, किंवा इंदिराबाईंनी एकदाची बस धरायची बंदी केली असेल. मग एक दिवस त्यांची मुलगी दुकानात आली. ऋतिका. शिरपूरला फार्मसी शिकत होती, बारीक चणीची, बापासारखीच कमी बोलणारी. तिने जे सांगितलं ते असं: तिच्या पदवीच्या कार्यक्रमाला नाना शिरपूरला गेले होते. तिने काळा झगा घातलेला, आणि नानांना तिचा फोटो काढायचा होता. तिने शेजारी उभं राहून पाण्याची बाटली पुढे केली. नानांना ती दिसेना. तिने बाटली अजून जवळ नेली. दिसेना. मग त्यांनी तिला हाक मारली, "रितू, कथी गेली तू?" आणि ती त्यांच्या कोपराला टेकून उभी होती.

तिने त्यांना तसंच गाडीत घालून धुळ्याला नेलं, देवपूर भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, लाल होत नाही, आणि आधी कडेची नजर खातो. समोरचं दिसत असतं म्हणून माणसाला वाटतं आपण पाहतोय. एक डोळा संपला होता. दुसऱ्यात मधोमध थोडी खिडकी उरली होती आणि तीही मिटत होती. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. दोन वर्षं आधी आला असतात तर रोज थेंब टाकून पुष्कळ राखता आली असती.

दोन वर्षं. मी मनात हिशेब केला आणि मला फुवांचा कान दिसला.

"काका," ऋतिका म्हणाली, "पप्पा घरच्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलायचे. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

"नाही गं," मी म्हणालो.

बघा, किती सोपं असतं. दोन शब्द. ती मान हलवून गेली, आणि मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. माझ्या बायकोने, हिनाने, विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. वडील असते तर त्यांनी माझा चेहरा बघूनच ओळखलं असतं. ते नव्हते, एवढं एक बरं होतं.

यंदा भाद्रपदात नानांचा फोन आला. आवाज तोच. "अनुजभाऊ, लेन्सा काढून टाकतो म्हनतो. बॉक्ससकट गेल्या तं त्यांले मान राहील. खंडेनवमीले घेऊन या बॉक्स. पूजा करू, आन् मंग भरून टाकू."

मी माळ्यावर चढलो. बारा बॉक्स. धूळ पुसताना एकेकीची आठवण येत होती, ही कोणत्या बसने गेली, त्या दिवशी नानांनी कोणता सदरा घातला होता. मी गाडीत बॉक्स घातले आणि भुसावळवरून फैजपूरचा रस्ता धरला. दोन्हीकडे केळीचे घड निळ्या पिशव्यांत झाकलेले. रस्ताभर मी मनाशी ठरवत होतो की काहीही बोलायचं नाही. बॉक्स द्यायचे, प्रसाद घ्यायचा, निघायचं.

ओसरीत पाट मांडलेला होता. विळा, कोयता, पाने एका बाजूला. नाना मांडी घालून बसलेले, अंगावर धुतलेला सदरा, नजर माझ्या थोडी डावीकडे. "या, अनुजभाऊ. उन्हातून आले, आधी पानी घ्या." इंदिराबाईंनी पाणी दिलं. पाण्याचा तांब्या त्यांनी नानांच्या हातात नेऊन लावला, मग सोडला. या बाईने हे किती दिवसांत शिकून घेतलं असेल, असं मनात आलं.

मग नानांनी लेन्सा मांडल्या. एकेक हातात घेत, रिंग फिरवत, कानाशी नेत. "ही पन्नास. तुमच्या वडिलांनी देली." पाटावर ठेवली. "ही पंच्याऐंशी. हिनंच तो नयावर तोंड धुनारा बाप काढला." ठेवली. एकदाही चुकले नाहीत. अकरा झाल्या. बारावी हातात घेतली तेव्हा रिंग कडक होती. "ही चौदा," ते म्हणाले. "हिच्यानं एक बी फोटो नही काढला मी. काढाले गेलो तं काही समजेच ना."

इंदिराबाई ताट घेऊन उभ्या होत्या. नानांनी चौदा मांडीवरच ठेवली.

"अनुजभाऊ, एक इचारू? तुम्ही तो फुवांचा फोटो मोठ्या स्क्रीनवर पाह्यला व्हता. तो शेवटचा मोठा फोटो माह्या हातचा. मले आता पाहाता येत नही. खरं सांगा, कसा व्हता?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवत नव्हतं. परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या माणसासारखे ते माझ्या आवाजाची वाट बघत होते. 'बिघडला होता, नाना, लेन्सच खराब होती', एवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. पण मग या माणसाचं शेवटचं काम बिघडलेलं, असं मीच त्याला सांगितलं असतं. डोळे गेले होते, आता हातही मीच काढून घ्यायचे? ते माझ्याच्याने झालं नाही.

"फार चांगला होता, नाना," मी म्हणालो. "एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धारदार. फुवांच्या कानावरचे केससुद्धा दिसत होते. लेन्समध्ये काही खोट नव्हती."

नानांचा चेहरा उजळला. "ऐकलं का वं?" ते इंदिराबाईंना म्हणाले. "मी म्हनत व्हतो ना, फोकस चुकेल नही." हसले. मांडीवरच्या लेन्सवरून अंगठा फिरत होता. फिरता फिरता तो थांबला. माझ्या वाक्याचा शेवट त्यांच्यापर्यंत आत्ता पोचला होता.

"लेन्समंधी खोट नव्हती," ते हळू म्हणाले.

त्यांनी मांडीवरच्या लेन्सवर बोट टेकवलं.

"मंग ही काहून देली मले?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कुठेतरी तोंड लपवलं असतं. ते खरोखर विचारत होते, आणि तोंड माझ्या थोडं डावीकडे होतं, जिथे मी नव्हतो. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं.

"मले दिसत नव्हतं, अनुजभाऊ," ते म्हणाले. "तुम्हाले तं दिसत व्हतं."

मग इंदिराबाई खाली बसल्या. त्यांनी नानांच्या मांडीवरून चौदाची लेन्स उचलली, इतरांच्या शेवटी पाटावर ठेवली, तिच्यावर कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. मग ताट माझ्यापुढे धरलं. मी प्रसाद घेतला आणि माळ्यावरून आणलेले बॉक्स एकेक करून उघडायला लागलो.